माशीच्या डोळ्यापर्यंत नेमकं काय पोचतं : दृष्टी आणि दिशाज्ञानाच्या प्रयोगांची मांडणी

कीटक डोळ्यांच्या आधारे दिशा कशी धरतात हे प्रयोगशाळेत तपासायचं, तर मांडणीची सुरुवात पडद्यापासून नव्हे, डोळ्यापासून करावी लागते. फळमाशीच्या, म्हणजे ड्रोसोफिलाच्या, एका संयुक्त डोळ्यात साधारण ७५० ते ८०० नेत्रिका, म्हणजे स्वतंत्र भिंगाचे चिमुकले घटक, असतात. शेजारच्या दोन नेत्रिकांच्या रोखांमध्ये जवळपास ५ अंशांचा कोन असतो. कामकरी मधमाशीच्या डोळ्यात नेत्रिका पाच हजारांच्या आसपास असतात आणि हा कोन १ ते २ अंशांपर्यंत खाली येतो. हात पुढे लांब करून मूठ धरली, तर ती आपल्या दृष्टिक्षेत्रातले साधारण १० अंश व्यापते. तेवढ्या जागेत फळमाशीला आडवे जेमतेम दोन ठिपके मिळतात. एवढ्याच भांडवलावर ती उडताना सरळ रेषा धरते, वाऱ्याने वळवली तर पुन्हा मूळ दिशेला येते आणि गार जागा कुठे होती हे भोवतालच्या दृश्यावरून लक्षात ठेवते. या प्रयोगांचं सगळं आकर्षण इथेच आहे.

मात्र डोळा ढोबळ पाहतो म्हणून पडदा कसाही चालेल, असं होत नाही. आपला डोळा सिनेमाच्या पडद्यावरची लुकलुक जाणवून घेत नाही. फळमाशीचा डोळा सेकंदाला शंभराच्या आसपास लुकलुक वेगळी ओळखतो, मधमाशीचा दोनशेच्या आसपास. ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चौकटी दाखवणारा, साधा मॉनिटर लावला, तर आपल्याला सरकणारे पट्टे दिसतात आणि माशीला एकामागून एक उड्या मारणारी स्थिर चित्रं. ३० अंश रुंदीच्या आवर्तनाचे (एक काळा आणि एक उजळ पट्टा मिळून एक आवर्तन) पट्टे सेकंदाला ३०० अंशांनी फिरवायचे असतील, तर ६० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक चौकटीला ५ अंशांची उडी बसते. ती एका नेत्रिकेच्या अंतराएवढी झाली. हा ताळा आम्ही कागदावर आधी करतो आणि मगच पडद्याची निवड करतो. १४४ किंवा २४० हर्ट्झचा मॉनिटर फळमाशीच्या बऱ्याचशा कामाला पुरतो. मधमाशी किंवा मोठ्या निळ्या माशीसाठी रंगचक्र काढून टाकलेला डीएलपी (सूक्ष्म आरशांनी चित्र पाडणारा) प्रोजेक्टर किंवा एलईडीच्या पट्ट्यांचं रिंगण बरं.

एलईडी रिंगणाची पद्धत मायकेल रायझर आणि मायकेल डिकिन्सन यांनी २००८ मध्ये सविस्तर मांडली आणि ती आता जगभर वापरली जाते. ८ गुणिले ८ दिव्यांचे चौकोनी फलक गोलाकार लावायचे. एका फेऱ्यात १२ फलक बसवले तर ९६ ठिपके होतात, म्हणजे प्रत्येक ठिपका मधोमध बसलेल्या माशीला ३.७५ अंशांचा दिसतो. नेत्रिकांमधल्या अंतरापेक्षा तो लहान आहे, म्हणून स्थिर चित्रासाठी पुरेसा. हलत्या चित्रात मात्र इथेच पहिली गफलत होते. पट्टे सेकंदाला ६० अंशांनी फिरवले आणि ठिपके नुसते चालू-बंद ठेवले, तर सेकंदाला १६ उड्या पडतात, दर ६२ मिलिसेकंदांनी एक. माशी सरकत्या दृश्याला नव्हे, या झटक्यांना उत्तर देते. उपाय असा : पट्ट्याच्या कडेचा ठिपका एकदम विझवायचा नाही, त्याची उजळी पायऱ्यापायऱ्यांनी कमी करायची आणि शेजारच्याची तेवढीच वाढवायची. आठ किंवा सोळा पायऱ्या मिळाल्या की हालचाल मऊ होते. उजळी कमी-जास्त करण्यासाठी दिवे फार वेगाने लुकलुकवलेले असतात. ती वारंवारता डोळ्याच्या मर्यादेच्या बरीच वर आहे ना, हे फोटोडायोड (उजेडाचा विजेत संकेत करणारा संवेदक) आणि ऑसिलोस्कोप (तो संकेत आलेखात दाखवणारं यंत्र) लावून प्रत्यक्ष बघायचं. माहितीपत्रकातल्या आकड्यावर विसंबायचं नाही.

भूमितीचा हिशेबही करून ठेवावा लागतो. ९६ ठिपक्यांच्या घेराला त्रिज्या सुमारे १५ ठिपक्यांची येते. फलकांचे चार थर म्हणजे ३२ ओळी लावल्या, तर माशीच्या नजरेच्या पातळीपासून वर-खाली प्रत्येकी ४६ अंश झाकले जातात. मधल्या ओळीतला ठिपका उभ्या दिशेने ३.७५ अंशांचा असला, तरी सगळ्यात वरचा २ अंशांच्याही आत येतो. उभ्या पट्ट्यांना याने फरक पडत नाही. आडवे पट्टे किंवा बारीक नक्षी दाखवायची असेल तर पडतो, आणि चित्र तयार करतानाच तो भरून काढावा लागतो. सपाट मॉनिटरवर हा दोष अधिक तीव्र असतो. समोरच्या रेषेपासून ४५ अंश बाजूला गेलं की ठिपक्याची कोनीय रुंदी निम्मी होते, आणि एलसीडीची उजळीही तिरक्या कोनातून घटते. म्हणून चित्र नेहमी अंशांमध्ये आखायचं, सेंटिमीटरमध्ये नाही, आणि ते माशीच्या डोक्याच्या जागेवरून पडद्यावर पाडायचं. डोकं ठरल्या जागेपासून काही मिलिमीटर सरकलं, तर जवळ लावलेल्या लहान पडद्यावर सगळे कोन बदलतात.

रंगाबद्दल एवढंच : मधमाशीच्या तीन प्रकाशग्राहींची सर्वाधिक संवेदनशीलता ३४४, ४३६ आणि ५४४ नॅनोमीटरच्या जवळ आहे. बाजारातल्या पडद्यातून अतिनील येत नाही आणि त्याचा लाल तिला जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे आपला ‘पांढरा’ तिच्यासाठी पांढरा नसतो. दृश्याच्या हालचालीला मधमाशी मुख्यतः हिरव्या ग्राहींमधून प्रतिसाद देते, म्हणून हालचालीच्या प्रयोगांना हिरवे दिवे पुरतात. रंग ओळखण्याचे प्रयोग या पडद्यांवर करायचे असतील, तर प्रत्येक रंगाचा वर्णपट मोजून तिच्या ग्राहींच्या हिशेबात उतरवल्याशिवाय करू नयेत. एलसीडीची आणखी एक खोड आहे. तिचा प्रकाश मुळातच ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा, असतो. ध्रुवित प्रकाश ओळखणाऱ्या कीटकासमोर असा पडदा ठेवला, तर चित्राबरोबर एक अदृश्य खूणही आपण नकळत देतो.

आता माशी. तीन ते पाच दिवसांची मादी घेतो. ती नरापेक्षा मोठी असते आणि जास्त वेळ टिकून उडते. वाढ २५ अंश सेल्सिअसला, १२ तास उजेड आणि १२ तास अंधार. दिवा लागल्यानंतरचे पहिले काही तास किंवा विझण्याआधीचे शेवटचे काही तास प्रयोगाला चांगले. दुपारच्या मधल्या वेळेत माश्या सुस्तावतात आणि त्या सुस्तीचा अर्थ भलताच लावला जातो.

पडद्यासमोर जागच्या जागी राहावी म्हणून माशीला पिन चिकटवणं हे सगळ्या कामातलं हाताचं कौशल्य. पेल्टिअरने (विजेवर गार होणाऱ्या पट्टीने) ४ अंश सेल्सिअसपर्यंत गार केलेल्या धातूच्या ठोकळ्यावर माशी पोटावर ठेवायची. कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध केलेली माशी नंतर बराच वेळ नीट वागत नाही, म्हणून गारवाच बरा. पण गारव्यातही तिला काही मिनिटांपलीकडे ठेवायचं नाही. ठोकळ्यावर दव जमतं, पंख त्याला चिकटतात आणि ओल्या वक्षावर गोंद धरत नाही. ठोकळ्यावर टिपकागदाचा पातळ तुकडा आणि बाजूने कोरड्या हवेची हलकी झुळूक ठेवली की हा त्रास संपतो. ०.१ मिलिमीटर जाडीच्या टंगस्टन तारेचा साधारण एक सेंटिमीटरचा तुकडा सूक्ष्मचालकात धरायचा, टोकाला अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या गोंदाचा लहानसा थेंब घ्यायचा आणि वक्षाच्या पाठीवर, पुढच्या भागात, अगदी मध्यरेषेवर टेकवायचा. मग दिवा काही सेकंद. दिव्याचा झोत मागच्या बाजूने द्यायचा आणि डोळ्यांवर सावली राहील अशी काळ्या कागदाची कड आड धरायची. निळ्या-अतिनील तीव्र प्रकाशाने डोळ्याची संवेदनशीलता बदलते, आणि डोळ्याचाच प्रयोग करायचा असताना ते परवडत नाही.

गोंदाचा थेंब मोठा झाला तर दोन ठिकाणी पसरतो. पुढे मानेवर गेला तर डोकं वाकडं अडकतं. बाजूला पंखाच्या बिजागरीपर्यंत गेला तर त्या बाजूचा पंख पूर्ण हलत नाही. पिन मध्यरेषेपासून थोडी जरी कलली, तरी माशी सतत एका बाजूला वळत असल्यासारखी नोंद येते. अशी माशी बाजूला ठेवायची. आकडेमोडीत वजावट करून तिला सरळ करण्याचा मोह टाळावा, कारण एका पंखाला पुढे जायला जागाच नसेल तर त्या दिशेचा प्रतिसादही अर्धा कापला जातो. पिन लागली की माशीच्या पायांत टिपकागदाचा चिमुकला तुकडा द्यायचा. पायांना आधार असेपर्यंत ती उडत नाही, दमत नाही. अर्धा ते एक तास सावरू द्यायचं. प्रयोगाच्या वेळी कागद काढून घेतला की पाय मोकळे होतात आणि पंख आपोआप सुरू होतात.

डोकं मोकळं ठेवायचं की बांधायचं, हे प्रश्नावरून ठरतं. मोकळं डोकं दृश्याबरोबर वळतं आणि डोळ्यावर पडणारी हालचाल कमी करतं. मग आपण पडद्यावर दिलेला वेग आणि डोळ्याला मिळालेला वेग सारखे राहत नाहीत. वेग आणि प्रतिसाद यांचा आलेख काढायचा असेल, तर डोकं वक्षाला गोंदाच्या ठिपक्याने पक्कं करायचं. डोकं वळवणं हाच दिशा धरण्याचा भाग आहे का असं विचारायचं असेल, तर मोकळं ठेवून वरून कॅमेऱ्याने त्याचा कोन नोंदवायचा.

उडणाऱ्या माशीचं वळण मोजण्याचा सोपा मार्ग म्हणजे दोन्ही पंखांच्या फटकाऱ्याची व्याप्ती. वरून अवरक्त दिवा, खाली दोन फोटोडायोड, प्रत्येकावर पंखाच्या आकाराचा झरोका. पंखाची सावली जितकी पुढे येते तितका संकेत बदलतो. डाव्याच्या व्याप्तीतून उजव्याची वजा केली की वळण्याचा प्रयत्न कळतो. डावा पंख जास्त फाकला तर माशी उजवीकडे वळू पाहते. फोटोडायोडवर दृश्य प्रकाश अडवणारी गाळणी बसवणं अत्यावश्यक आहे, नाहीतर पडद्यावरचे पट्टेच ‘पंखांची हालचाल’ म्हणून नोंदले जातात. ही चूक पकडायला रिकाम्या पिनेवर सगळा प्रयोग एकदा पूर्ण चालवावा. नोंद सपाट आली पाहिजे. फोटोडायोडऐवजी कॅमेरा वापरला तर ८५० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश द्यायचा आणि उघडझापेचा काळ एका फटकाऱ्यापेक्षा मोठा ठेवायचा. फळमाशी सेकंदाला २०० च्या वर फटकारे मारते, म्हणजे एक फटकारा सुमारे ५ मिलिसेकंदांचा. उघडझाप त्याहून लहान ठेवली तर पंख प्रत्येक चित्रात वेगळ्याच टप्प्यावर सापडतो आणि कोनांचा खोटा हेलकावा तयार होतो. मोठी ठेवली की पंखांचा पुसट पंखा दिसतो आणि त्याची पुढची कड सहज सापडते.

पहिली चाचणी नेहमी ओपन लूपची, म्हणजे माशीने काहीही केलं तरी चित्र ठरल्याप्रमाणेच फिरतं. उभे पट्टे, आवर्तन ३० अंश, कधी डावीकडे कधी उजवीकडे, मध्ये काही सेकंद स्थिर चित्र. माशी चित्राच्या दिशेने वळते. याला ऑप्टोमोटर प्रतिसाद म्हणतात. बर्नहार्ड हासेनश्टाइन आणि वेर्नर राइशार्ट यांनी १९५६ मध्ये क्लोरोफॅनस नावाच्या भुंगेऱ्यावर केलेल्या कामातून या प्रतिसादाचं गणित उभं राहिलं. त्यांनी भुंगेरा हवेत जागच्या जागी धरला, त्याच्या पायांत काड्यांचा हलका गोल दिला आणि प्रत्येक फाट्याला तो डावी काडी घेतो की उजवी, हे मोजलं. भोवती फिरतं नळकांडं होतं. दोन शेजारच्या नेत्रिकांचे संकेत, एकाला थोडा उशीर लावून, एकमेकांशी गुणले की दिशा कळते, हे त्यातून निघालं. या गणिताचा हाताला येणारा परिणाम असा : प्रतिसाद सेकंदाला किती अंश यावर नव्हे, सेकंदाला किती पट्टे डोळ्यासमोरून गेले यावर ठरतो. म्हणून नोंदवहीत वेग अंशांत लिहिला, तरी शेजारी वेग भागिले आवर्तन हा आकडा हर्ट्झमध्ये लिहायचाच. ३० अंशांचे पट्टे सेकंदाला ६० अंशांनी आणि १५ अंशांचे ३० अंशांनी फिरले, तर दोन्ही २ हर्ट्झच आहेत.

पट्ट्यांचं आवर्तन कमी करत नेलं की एक सुरेख गोष्ट घडते. नेत्रिकांमधल्या कोनाच्या दुपटीपेक्षा, म्हणजे फळमाशीसाठी साधारण ९ ते १० अंशांपेक्षा, आवर्तन लहान झालं की ती उलट्या दिशेने वळते. अपुऱ्या ठिपक्यांनी बारीक पट्टे टिपल्यामुळे तिला ते मागे सरकताना दिसतात. पूर्ण मांडणी ठीक आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा आम्हाला माहीत नाही. उलटा प्रतिसाद अपेक्षित जागी आला, तर माशी खरोखर डोळ्याने पाहून वळते आहे. आवाज, उष्णता किंवा विजेच्या गोंगाटाला ती उत्तर देत नाही. ३.७५ अंशांच्या ठिपक्यांच्या रिंगणावर मात्र ही चाचणी होत नाही. ७.५ अंशांच्या आवर्तनात एक ठिपका काळा, एक उजळ राहतो, आणि एक उडी मारली की चित्र नुसतं उलटं होतं. त्याला दिशाच उरत नाही. यासाठी छापील पट्ट्यांचं फिरतं नळकांडं किंवा बारीक ठिपक्यांचा प्रोजेक्टर लागतो. जुनं नळकांडं अडगळीत टाकू नये, ते याच कामाला.

दिशा धरण्याचा खरा प्रयोग क्लोज्ड लूपमध्ये सुरू होतो. आता माशीच्या वळण्यावर चित्राचा वेग ठरतो : ती उजवीकडे वळू पाहते तेव्हा चित्र डावीकडे सरकतं. १५ ते ३० अंश रुंदीची एकच उभी काळी पट्टी ठेवली की धडधाकट माशी तिला समोर आणून धरते. पंखांतला फरक आणि चित्राचा वेग यांच्यामधला गुणक किती ठेवायचा, हे माशी बघून ठरवावं लागतं. गुणक कमी असेल तर पट्टी भरकटते आणि माशी हार मानल्यासारखी एकसुरी उडते. जास्त असेल तर पट्टी समोरून दोन्हीकडे झोके घेऊ लागते. आम्ही चित्राला बाहेरून एक मंद, नियमित हेलकावा देतो आणि माशी त्यातला किती भाग भरून काढते ते पाहतो. तो भाग जास्तीत जास्त असेल आणि झोके नसतील तो गुणक पक्का. एकदा ठरला की त्या मालिकेतल्या सगळ्या माश्यांना तोच.

विलंब हा क्लोज्ड लूपचा मोठा शत्रू. कॅमेरा, संगणक, पडदा मिळून जो उशीर होतो तो माशीच्या स्वतःच्या उशिरात मिसळतो आणि झोके वाढवतो. मोजायची पद्धत : पंखाच्या संकेताच्या जागी कृत्रिम उडी द्यायची, पडद्याच्या कोपऱ्यात त्याच चौकटीबरोबर उजळणारा चौकोन ठेवायचा, त्यावर फोटोडायोड, आणि दोन्ही संकेत एकाच नोंदयंत्रावर घ्यायचे. त्यांच्यातलं अंतर म्हणजे खरा विलंब. तो १०-२० मिलिसेकंदांच्या आत ठेवण्याचा प्रयत्न असावा. सरासरीपेक्षा त्यातली चढउतार जास्त घातक, कारण ठरावीक उशीर गणितात धरता येतो, मधूनच वाढणारा नाही. हा कोपऱ्यातला फोटोडायोड मोजणी झाल्यावर काढून टाकायचा नाही. तो प्रत्येक प्रयोगात कायम चालू ठेवायचा.

पक्क्या पिनेला एक मर्यादा आहे जी कितीही चांगल्या पडद्याने भरून निघत नाही. उडणाऱ्या माशीला पंखांमागच्या हॉल्टेअर नावाच्या बोंडांमधून शरीर फिरल्याची जाणीव मिळते. पक्क्या पिनेवर शरीर फिरतच नाही, त्यामुळे डोळा म्हणतो ‘वळलो’ आणि हॉल्टेअर म्हणतात ‘जागेवरच आहोत’. झटकन घेतलेली वळणं यात फार लांबतात. ती तपासायची असतील तर चुंबकी टांगणी वापरावी : पोलादी पिनेचं वरचं टोक रत्नाच्या खोबणीत टेकलेलं आणि वर-खाली चुंबक, म्हणजे माशी उभ्या अक्षाभोवती मोकळी फिरते. खोबणीत धुळीचा कण गेला की घर्षण वाढतं आणि माशी ठरावीक कोनांवरच थांबू लागते. पिन नुसती फुंकरीने फिरवून बघितलं की हे लगेच कळतं.

चालणाऱ्या कीटकासाठी वाटीतून येणाऱ्या हवेवर तरंगणारा चेंडू : कीटक पिनेवर जागच्या जागी राहतो आणि चेंडू त्याच्या पायांखाली फिरतो. इथे वस्तुमानाचा हिशेब चुकवून चालत नाही. भरीव चेंडू फिरवताना पायांना जाणवणारं जडत्व चेंडूच्या वस्तुमानाच्या दोन पंचमांश असतं. म्हणजे चेंडू माशीच्या अडीच पट वजनाचा असेल तेव्हा तिला सरळ चालताना स्वतःचंच वजन ढकलल्यासारखं वाटेल. फळमाशी सुमारे १ मिलिग्रॅमची. ६ मिलिमीटर व्यासाचा, ०.२९ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर घनतेच्या पॉलियुरेथेन फोमचा चेंडू ३३ मिलिग्रॅम भरतो. आदर्शापेक्षा तो तेरा पट जड आहे, आणि तरी माशी त्यावर चालते. पण सुरुवात करायला आणि थांबायला तिला जास्त जोर लागतो, त्यामुळे या चेंडूवर मोजलेल्या वेगाच्या चढउतारांची तुलना मोकळ्या चालण्याशी करू नये. वाळवंटी मुंग्यांसाठी १० सेंटिमीटरचा हलका पॉलिस्टायरिनचा गोळा वापरला जातो, मधमाशीला ५ सेंटिमीटरचा पुरतो.

हवा दाबनळीतून सरळ आणली तर ती कोरडी असते आणि माशी तासाभरात सुकते. पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढत आणायची. प्रवाह इतकाच, की चेंडू वाटीला न टेकता तरंगेल. प्रवाह जास्त झाला तर चेंडू थरथरतो, आणि बाजूने निसटणारी हवा शृंगिकांना लागते. माशी मग वाऱ्याला उत्तर देते. रिकामा चेंडू आपोआप एका दिशेने फिरत राहत असेल, तर वाटी तिरकी आहे किंवा तिचा व्यास चेंडूच्या मानाने फार लहान-मोठा आहे. चेंडू फिरल्याची मोजणी दोन ऑप्टिकल माउसच्या संवेदकांनी, एकमेकांशी ९० अंशांत ठेवून होते, किंवा चेंडूवर अनियमित काळे डाग काढून कॅमेऱ्याने. २०१४ मध्ये आलेला फिकट्रॅक हा मोफत प्रोग्राम दुसऱ्या पद्धतीसाठी चांगला आहे. डाग नियमित नक्षीचे असतील तर तो गोंधळतो. कोणतीही पद्धत घेतली, तरी चेंडू मोटरला जोडून ठरावीक कोनात फिरवून मोजणी जुळवून घ्यायची. संवेदकाचं अंतर अर्ध्या मिलिमीटरने बदललं तरी माप बदलतं.

माशी चेंडूवर बसवताना तिची उंची हा नाजूक भाग आहे. फार खाली दाबली तर पाय फाकतात आणि ती चालण्याऐवजी ढकलते. फार वर राहिली तर चेंडू उचलून धरते आणि पायांनी गरगर फिरवत राहते. बाजूच्या कॅमेऱ्यात शरीर आणि चेंडू यांमधली फट मोकळ्या चालणाऱ्या माशीइतकी दिसली पाहिजे. याच मांडणीत, डोक्याच्या मागे लहान खिडकी करून, सीलिग आणि जयरामन यांनी २०१५ मध्ये दाखवलं की मेंदूतल्या एलिप्सॉइड बॉडी नावाच्या कड्यासारख्या भागात चेतापेशींच्या सक्रियतेचा एक उंचवटा माशीच्या दिशेबरोबर फिरतो. दृश्याबरोबर तो जुळून घेतो आणि अंधारातही काही काळ टिकतो. सूक्ष्मदर्शकाखाली काम करताना एलईडीचा प्रकाश प्रकाशगुणकात, म्हणजे पेशींचा मंद उजेड टिपणाऱ्या संवेदकात, झिरपतो. पेशींचा संकेत हिरवा असतो, म्हणून पडदा निळा ठेवून दिव्यांवर गाळणी चढवतात.

मोकळ्या चालीचे प्रयोग साधे दिसतात, पण उत्तरं मोलाची देतात. ब्युरिडनच्या मांडणीत ११७ मिलिमीटर व्यासाचा चौथरा, भोवती पाण्याचा खंदक आणि त्याबाहेर उजळ नळकांड्यावर समोरासमोर दोन काळ्या उभ्या पट्ट्या. पंख छाटलेली माशी एका पट्टीकडून दुसरीकडे येरझाऱ्या घालते. छाटल्यानंतर निदान एक दिवस विश्रांती द्यायची. नळकांडं २९३ मिलिमीटर व्यासाचं आणि पट्टी ३० मिलिमीटर रुंद असेल, तर ती मधून जवळपास १२ अंशांची दिसते, जवळच्या काठावरून १९ आणि लांबच्या काठावरून ८ अंशांची. म्हणून ‘पट्टीची रुंदी’ हा एकच आकडा देऊन भागत नाही, माशी कुठे होती तेही लागतं.

जागा लक्षात ठेवण्याचा प्रयोग ऑफस्टॅड, झुकर आणि रायझर यांनी २०११ मध्ये रचला. फरशी ३६ अंश सेल्सिअसची, त्यात एकच जागा २५ अंश सेल्सिअसची, भोवती उभे, आडवे आणि तिरके पट्टे. प्रत्येक फेरीनंतर गार जागा आणि दृश्य दोन्ही एकत्र फिरवतात, त्यामुळे खोलीतली दुसरी कोणतीही खूण उपयोगी पडत नाही. शेवटी गार जागा काढूनच टाकतात आणि माशी दृश्यानुसार योग्य चतकोरात शोधते का ते पाहतात. या शेवटच्या फेरीशिवाय प्रयोगाला अर्थ नाही, कारण गार जागा जिथे आहे तिथे माशी नुसत्या तापमानाच्या उतारावरूनही पोचू शकते. फरशीच्या तापमानाचं चित्र अवरक्त कॅमेऱ्याने घेऊन ठेवावं. फरश्यांच्या सांध्यांवर एखाद-दोन अंशांचा फरक राहिला तरी माश्या तिथे रेंगाळतात.

आकाशातल्या ध्रुवित प्रकाशाची नक्कल करायची तर क्रम महत्त्वाचा : वर अतिनील एलईडी, त्याखाली प्रकाश पसरवणारी काच, त्याखाली ध्रुवक (प्रकाश ध्रुवित करणारी गाळणी), मग माशी. माशी आणि मधमाशी यासाठी डोळ्याच्या वरच्या कडेतल्या अतिनील ग्राहींचा वापर करतात, रातकिडे निळ्याचा. नेहमीचे ध्रुवक अतिनील शोषून घेतात, तेव्हा अतिनील आरपार जाऊ देणाराच घ्यावा. ५ सेंटिमीटर व्यासाचा ध्रुवक ५ सेंटिमीटर उंचीवर ठेवला तर वरचे ५३ अंश व्यापतो. भिंती चकचकीत असतील तर परावर्तनातून उजेड-अंधाराचे पट्टे तयार होतात आणि ध्रुवकाबरोबर फिरतात. मॅट काळा कागद किंवा मखमल लावायची. नियंत्रणासाठी काच आणि ध्रुवक यांची फक्त अदलाबदल करायची. प्रकाश तेवढाच, उपकरण तेच, फिरणंही तेच, पण ध्रुवण पुसलं जातं. प्रतिसाद तरीही राहिला तर तो उजळीतल्या असमानतेचा होता. दुसरी ओळख नोंदीतच मिळते. ध्रुवणाची दिशा १८० अंशांनी पुन्हा तीच होते, म्हणून खरा प्रतिसाद एका फेऱ्यात दोनदा येतो. एका फेऱ्यात एकदाच येणारा भाग वाकड्या बसलेल्या ध्रुवकाचा किंवा डाग पडलेल्या काचेचा.

हाच मुद्दा आकडेमोडीत पुन्हा येतो. दिशा हे वर्तुळावरचं माप आहे. ३५० आणि १० अंशांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे थेट पाठीमागे. म्हणून प्रत्येक क्षणाची दिशा एकक सदिश, म्हणजे त्या दिशेला रोखलेला एक एकक लांबीचा बाण, म्हणून घ्यायची आणि सदिशांची सरासरी काढायची. तिची लांबी शून्याजवळ असेल तर माशीने दिशा धरली नाही, एकाजवळ असेल तर घट्ट धरली. ध्रुवित प्रकाश आणि ब्युरिडनच्या दोन पट्ट्या यांत समोरासमोरच्या दोन्ही दिशा बरोबरच असतात, तिथे कोन आधी दुप्पट करावे लागतात. नाहीतर उत्तम येरझाऱ्या घालणारी माशी शून्य गुण घेऊन बाहेर पडते. नमुन्याची संख्या म्हणजे माश्यांची संख्या. एका माशीच्या शंभर फेऱ्या म्हणजे शंभर माश्या होत नाहीत. पट्टी धरण्याच्या चाचणीत किती खाली गेलेली माशी वगळायची, उड्डाण किती वेळा थांबलं तर नोंद टाकून द्यायची, हे आकडे मुख्य प्रयोगाआधी लिहून ठेवायचे, आणि वगळलेल्या माश्यांची संख्या निकालाबरोबर द्यायची. पडद्याला पाठवलेल्या आज्ञांची फाइल ही उद्दीपनाची नोंद मानायची नाही. विश्लेषणात वेळ जुळवायची ती कोपऱ्यातल्या फोटोडायोडच्या संकेताशी, कारण गाळलेली चौकट आज्ञांच्या फाइलमध्ये दिसत नाही, माशीला मात्र दिसते.